आहेरातले पाने

"नाव कुनाचं घालू?"

मुरबाडच्या बाजारात, भांड्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून काका येणाऱ्या प्रत्येकाला हा एकच प्रश्न विचारायचे. पातेलं असो, परात असो, तांब्या असो, त्याच्या भावाशी आणि वजनाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. भांडं मांडीवर घ्यायचं, चष्मा कपाळावरून नाकावर आणायचा आणि विचारायचं. एकदा एक बाई नुसती एसटीची वेळ विचारायला थांबली, तिलाही त्यांनी सवयीने हेच विचारलं. ती इतकी गडबडली की तिने स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, गावासकट.

तुम्हीही असा माणूस कुठल्या तरी बाजारात पाहिला असणार. हातात पेनासारखं विजेचं मशीन, त्याची किर्रर करत चाललेली सुई आणि लग्नसराईत समोर लागलेली भांड्यांची रांग. तुमच्या घरातल्या एखाद्या डब्याच्या बुडाशी त्याचं अक्षर असेल. 'सप्रेम भेट' लिहिलेलं असतं, तेच. आपण त्यात डाळ भरतो आणि बूड कधी बघत नाही.

आमचं गॅरेज त्या दुकानाला लागून. बाबा मिस्त्री, मी त्यांच्या हाताखाली. मला लहानपणापासून इंजिनाचा नाद, आणि माझ्या पाठच्या भावाला, दिगूला, गाडी हवेत उडवायचा नाद. भात कापून झालं की मुरबाडबाहेरच्या माळावर डर्ट बाइकच्या शर्यती होतात. सिद्धगड समोर दिसतो, मुरमाचे उंचवटे केलेले असतात आणि पोरं त्यावरून गाड्या उडवतात. दिगूने कर्ज काढून जुनी डर्ट बाइक घेतली तेव्हा बाबा आठवडाभर त्याच्याशी बोलले नाहीत. मी मात्र पहिल्याच दिवशी तिचा एअर फिल्टर काढून धुवायला घेतला. आत इतकी माती होती की त्यात वांगी लावता आली असती.

काका पायरीवरून मान वाकडी करून बघत होते. "धुतलास, वाळवलास, आता परत तेल कशाला लावतेस गो?" मी म्हटलं, "काका, तेलाला धूळ चिकटते, मग आत जात नाय." त्यावर ते डोक्यावरून हात फिरवत म्हणाले, "माझ्या डोक्याला पन लावतो मी तेल, तरी बाजारातली सगळी धूळ आतच जाते." आणि स्वतःच हसले. त्या दिवसापासून दुपारची गिऱ्हाइकं थंडावली की काका आपलं स्टूल उचलून आमच्या दारात.

त्यांना त्या गाडीचं भलतंच वेड लागलं. भांड्याला चीर आहे का हे ते बोटाने वाजवून बघायचे. मी चाकाच्या तारा पान्याने वाजवून बघते हे दिसल्यावर तर त्यांना घरचंच माणूस भेटल्यासारखं झालं. मी तारा आवळायची आणि ते कान लावून बसायचे. "ही खणखणीत. ही पन. ही बद्द वाजते गो, आवळ." कधी बरोबर असायचे, कधी साफ चूक. एकदा त्यांचं ऐकून एक तार इतकी आवळली की ती तुटून माझ्या हनुवटीला लागली. काका म्हणाले, "तिला राग आला."

माळावर न्यायच्या हत्यारांची पेटी मी कशी जमवली ते सांगते, कारण त्यात काकांचा हात आहे. पहिल्या शर्यतीला आम्ही गोणपाटात हाताला लागतील तेवढे पाने बांधून नेले. चेनची टोकं जोडणारं लॉक निखळलं आणि तेवढं एक नव्हतं. दिगू गाडी ढकलत बाहेर आला. दुसऱ्या वेळी लॉक होतं, पण पडल्यावर क्लचची दांडी मोडली आणि दुसरी नव्हती. तिसऱ्या वेळी प्लग होता, प्लग पाना घरी. आम्ही परत आलो की काका दर वेळी विचारायचे, "आज कशापायी रडलात?" मी सांगितलं की म्हणायचे, "घाल मग ते पेटीत." अशी रडतरडत ती पेटी भरली.

मी आश्रमशाळेत असताना वापरलेली पत्र्याची पेटी होती. जुन्या गादीचा स्पंज कापून त्यात प्रत्येक हत्याराची जागा केली. वर टी-पाने, प्लग पाना, हवेचा मीटर, म्हणजे घाईत लागतील ते. खाली क्लच आणि ब्रेकच्या दांड्या, चेनचं लॉक, तारेचं भेंडोळं, केबल टाय. जड सामान, म्हणजे लोखंड पकडून धरणारा शिकंजा, टायर काढायच्या लांब पट्ट्या, चाकाच्या मोठ्या नटाचा पाना, हे सगळं घरच्या लोखंडी ट्रंकेत. घरची पेटी वेगळी, माळावरची वेगळी. एकीतलं दुसरीत जायचं नाही, हा माझा कायदा. दिगूने एकदा घरच्या पेटीतली पक्कड माळावर नेऊन हरवली तेव्हा मी त्याला दोन दिवस गाडीला हात लावू दिला नव्हता.

पण माळावर आणखी एक पंचाईत. सगळ्यांची हत्यारं सारखीच दिसतात. कुणी "ताई, जरा दहाचा पाना द्या" म्हणून नेतो आणि आणून देतो तो भलत्याचाच, झिजलेला. माझा सगळ्यात लाडका टी-पाना असाच गेला. मी तणतणत परत आले. काकांनी मशीन हातात घेतलं. "आन इकडं. नाव कुनाचं घालू?"

गॅरेज बाबांचं. गाडी दिगूची. पाने मी एकेक करून जमवलेले. नाव कुणाचं घालायचं ते मला ठरवता येईना. शेवटी "राहू दे काका" म्हटलं आणि घरी जाऊन सगळ्या पान्यांच्या दांड्यांना लाल नेलपॉलिश फासलं. माझ्या नखांनी ते आधी कधी पाहिलं नव्हतं. काका म्हणाले, "सजवलीस, पन बारसं राह्यलं."

मग माझं लग्न ठरलं. मुलगा तानसाकडचा, आसनगावहून रोज लोकलने कामाला जाणारा. बघायला आला तेव्हा माझ्या हातांकडे बघून म्हणाला, "आमच्या रस्त्यावर एक पण गॅरेज नाय, पंक्चर झालं तर हायवेपर्यंत ढकलत न्यावी लागते." हे प्रेमाचं बोलणं होतं की तक्रार, मला कळलं नाही, पण मी त्याच रात्री ठरवलं की पत्र्याची पेटी बरोबर न्यायची. घरची ट्रंक दिगूला राहू दे. माळावरची पेटी माझी. ती असली तर तिकडे काम सुरू करता येईल आणि शर्यतीला माळावरही येता येईल. ती नसली तर मी सासरी भाकऱ्या थापणार आणि दिगूच्या शर्यतीचे व्हिडिओ फोनवर बघणार.

बाबांना सांगितलं तर ते जेवता जेवता थांबले. "हत्यारं गॅरेजची हायेत. तुला भांडी देतोय, कपाट देतोय. पाने घेऊन सासरी गेलीस तर लोक म्हनतील, सून नाय, मिस्त्रीण आनली." आईने माझ्या ताटात न मागता भात वाढला, म्हणजे तिचंही तेच मत. बाबांशी वाद घालणं म्हणजे गंजलेला नट सुका फिरवणं. तुटतो, सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी काकांपाशी जाऊन बसले आणि सरळ रडले. काकांनी हातातली परात पूर्ण केली, फुंकर मारली, मग म्हणाले, "तुझ्या आईची भांडी हायेत ना घरात? तिच्या म्हायेराची?"

"हायेत."

"त्याच्यावर नाव तिचं. तिच्या बापाने ठेवून घेतली का? नाय. लेकीच्या नावाचं भांडं म्हायेरी ठेवत नाय कोन. बापाने लेकीचा आहेर खाल्ला, असं म्हनतात लोक. तुझ्या बाबाला लोकांचीच भीती हाय ना? मग लोकांनाच कामाला लावू."

त्यांचा बेत ऐकून मला हसू आवरेना. बाजारातली माणसं मिळून मला केळवण करणार होती. आहेर म्हणून जो तो काका बसायचे त्याच दुकानात डबे बघायला यायचा. काका त्याला हळूच सांगायचे, "तिला डबा नको. समोर हार्डवेअरमध्ये जा, एक पाना घे, माझ्याकडं आन, नाव घालून देतो." दुकानदार मालक कपाळाला हात लावून बसायचा, स्वतःच्याच पायरीवरचा माणूस गिऱ्हाईक समोरच्याकडे धाडतोय. पण काकांना बोलायची त्याची छाती नव्हती. त्याच्या आजोबांच्या नावाची भांडीही काकांनीच कोरलेली.

आता घोळ कसा झाला पाहा. तुम्ही लग्नं पाहिलीत, एकेका लग्नात किती भिंतीवरची घड्याळं येतात ते तुम्हाला माहीत आहे. काकांनी सगळ्यांना 'पाना' सांगितलं, नंबर कुणाला सांगितला नाही. हार्डवेअरवाल्याच्या काउंटरवर एका टोकाला बारा नंबर, दुसऱ्या टोकाला तेरा, अशा बारा-तेराच्या पान्यांचं खोकं उघडं पडलेलं. शिंप्याने बारा-तेरा घेतला. केमिस्टने बारा-तेरा घेतला. किराणावाल्याने, पिठाच्या गिरणीवाल्याने, सगळ्यांनी बारा-तेरा. चहावाल्या मावशीने तेवढा प्लग पाना दिला, आणि बांगडीवालीने एलन कीचा, वाकड्या षटकोनी किल्ल्यांचा जुडगा, कारण तो बांगड्यांसारखा कड्यात ओवलेला होता.

मी काकांवर डाफरले. "काका, एवढ्या बारा-तेराचं मी काय करू? लोणचं घालू?" बदलून आणायचीही सोय नव्हती, नाव घातलेली वस्तू कोण परत घेणार. एका बाजूला 'वैशाली', दुसऱ्या बाजूला देणाऱ्याचं नाव. काका जरा ओशाळले, मग म्हणाले, "माळावर लोक मागतात ना उसना? आता माग म्हनावं." त्यांची सुई मात्र पार बोथट झाली होती. "भांडी ऐकतात गो. तुझं लोखंड हट्टी हाय."

माझे जुने पानेही त्यांनी सोडले नाहीत. तेल लावून देतो म्हणून पत्र्याची पेटी मागून नेली आणि लाल नेलपॉलिशच्या शेजारी एकेकावर माझं नाव घातलं. बाबांनी केळवणाची रंगीत कागदातली पुडकी पाहिली, आत काय ते त्यांना कळलं, पण उघडून कुणी दाखवलं नाही. ते खूश होऊन आईला म्हणाले, "बरं झालं. गॅरेजला भर पडली." काकांचा बेत उलटा पडतो की काय, या विचाराने त्या रात्री मला झोप नाही.

लग्नाच्या आधीच्या रविवारी शर्यत होती. आई म्हणाली, हळद लागायची पोरगी उन्हात कुठे निघाली. पण मी गेले. बाबाही आले, हे नवल. आणि काका आले, जन्मात पहिल्यांदा माळावर, इस्त्रीचा सदरा घालून, काखेत कापडी पिशवी.

काय दिवस होता तो. बैलगाड्यांच्या शर्यतीला असतो तोच लाउडस्पीकरवाला, तीच गावोगावची माणसं, भेळ, कुल्फी, धूळ. एकेक गाडी उंचवट्यावरून उडाली की काका उठून उभे राहायचे आणि ती खाली आली की बसायचे. सराव फेरीत दिगू असा काही चालला होता की माझ्या अंगावर काटा आला. आणि शेवटच्या उडीनंतर तो खाली आला तो तिरका. मागचं चाक सरकलेलं, चेन उतरून लोंबत होती. मुख्य शर्यतीची नावं पुकारायला सुरुवात झाली होती.

चाक सरळ करायचं तर मागचा मोठा नट सोडायला हवा. मोठा पाना घरच्या ट्रंकेत, माझ्याच कायद्याने. दिगूने हेल्मेटमधून माझ्याकडे पाहिलं. शेजारच्यांकडे मागितला, त्यांचाही घरी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"माझा आहेर द्यायचा राह्यलाय," काका म्हणाले आणि पिशवीतून हातभर लांबीचा रिंग पाना काढला. त्यावर सुरेख अक्षरात, पूर्ण, 'चि. सौ. कां. वैशाली हिस सप्रेम भेट' लिहिलेलं. "बारक्यावर मावत नव्हतं. म्हनून दिगूला विचारलं, तुझ्या गाडीचा सगळ्यात मोठा नट कितीचा?"

मी तो नटाला लावला आणि बसला की हो. मग जी धांदल उडाली. बाबा चाक धरून, मी खाली गुडघ्यावर, काका पेटीपाशी. मी ओरडले, "बारा द्या." काका म्हणाले, "कंचा? शिंप्याचा का केमिस्टचा?" मी म्हटलं, "शिंपी द्या, शिंपी." त्या पान्याने मी ॲडजस्टरचा, म्हणजे चेन ताणायच्या स्क्रूचा, नट धरला. "आता केमिस्ट द्या," म्हटलं, दुसऱ्या बाजूच्या ॲडजस्टरसाठी. "गिरणीवाला बाबांना द्या, चेनच्या गार्डचा नट सैल झालाय." भोवतीची पोरं खुळ्यासारखी बघत होती. सगळे बारा-तेरा एकाच वेळी कामाला लागले आणि कुणाला कुणासाठी थांबावं लागलं नाही.

तेवढ्यात माझं लक्ष बाबांकडे गेलं. त्यांनी हातातला पाना उलटा केला. वाचला. सुलटा केला. वाचला. मग वाकून पेटीतला दुसरा उचलला, माझा जुना, त्यांनीच मला पहिल्या वर्षी दिलेला. त्यावरही नाव. त्यांनी काकांकडे पाहिलं. काका सिद्धगडाकडे बघत होते.

"बाबा, आवळा," मी म्हटलं. त्यांनी आवळला.

चेनखाली तीन बोटं घालून ढील बघितली, मोठा नट उभं राहून आवळला, आणि दिगू निघाला. सगळ्यात शेवटून सुटला आणि एकेकाला मागे टाकत तिसरा आला. मी किती ओरडले ते माझ्या घशाला विचारा. हळदीच्या दिवशी माझा आवाज फुटत नव्हता आणि बायका म्हणत होत्या, पोरगी किती लाजते.

परतताना टेम्पोत बाबा म्हणाले, "नावं कुनाला विचारून घातलीत?"

"पान्याला विचारलं," काका म्हणाले. "तो नाय म्हनला नाय."

बाबांचं हो की नाही, काहीच कळेना. लग्नाच्या दिवशी पहाटे मी गॅरेजमध्ये डोकावले. पेटी ठेवायची ती फळी रिकामी होती. बाबांनी कुठेतरी नेऊन ठेवली असणार, संपलं, असं मनात म्हटलं आणि बोहल्यावर चढले. लोकांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून डोळे भरलेत.

निघायच्या वेळी सामानाच्या टेम्पोपाशी गर्दी झाली होती. कपाट, गाद्या, भांड्यांची पिंपं. आणि टेम्पोच्या हौद्यात बाबा, नवा सदरा मळवून घेत, पत्र्याची पेटी दोरीने बांधत होते. आत्याने खालून विचारलं, "यात काय रे एवढं जड?"

"तिचंच हाय," बाबा म्हणाले. "नाव हाय तिचं." आणि दोरीला आणखी एक गाठ मारली.

काका गर्दीच्या मागे उभे होते. मी पाया पडले तर म्हणाले, "तिकडं दुकान टाकशील तेव्हा बोलव. मशीन घेऊन येतो."

दुकान टाकायला मला दोन पावसाळे गेले. आसनगावहून आमच्या गावाकडे येणाऱ्या रस्त्यावर पत्र्याची शेड घातली. बोलावणं पाठवणार तोच, गणपतीनंतर, दिगूचा फोन आला. काका दोन दिवस तापाने पडले होते आणि गेले. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दुकानाच्या पायरीवर मालकाने प्लॅस्टिकच्या बादल्यांची चळत ठेवली होती. मी त्या पायरीवर बसून खूप रडले. मग आतल्या पोराने चहा आणला, तो प्याले आणि निघाले.

शेडच्या पूजेला बाबा मुरबाडहून आले. जेवण झालं, पाहुणे गेले, तरी ते घुटमळत होते. मग कागदात गुंडाळलेला गोटी पाना, नटावर टोपीसारखा बसतो तो, त्यांनी माझ्या हातात दिला. नवाकोरा, जड, चांगल्या जातीचा. दांडीवर खिळ्याने ओरखडून 'वैशाली' लिहिलं होतं. 'वै' मोठा, 'शा' त्याहून मोठा, आणि 'ली'ला जागाच उरली नव्हती म्हणून ती दांडीच्या मागच्या अंगाला.

"आता बाजारात नाव घालनारं कोन नाय," ते म्हणाले. "मीच घातलं. वाचता येतंय ना?"

मी मान हलवली. मग काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, "आडनाव नाय घातलंत?"

"जागा नव्हती." बाबांनी पायात चपला सरकवल्या. "आनि आडनाव कशाला लागतंय? पाना तुझाच हाय."